चेस पाय: ताटली परत करण्याआधीच्या नोंदी

शनिवार, ४ जानेवारी २०२५. कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

शेजारच्या काकूंची ताटली दहा दिवस झाले ओट्यावर पडून आहे. नाताळच्या आदल्या दिवशी त्या अर्धा चेस पाय (पारीत गोड सारण घालून भाजलेला इथला पदार्थ) घेऊन आल्या होत्या. पाय दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपला, ताटली राहिली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे मी त्यांना आपल्याकडची रीत म्हणून ऐटीत सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "बाळा, आमच्या आईनं रिकामं भांडं घेऊन कुणाच्या दारात उभं राहू दिलं असतं होय?" अमेरिकेच्या दक्षिणेतही हीच रीत आहे.

तेव्हा ताटलीत घालायला काहीतरी हवं. दुसरं निमित्त ऑफिसचं. १४ मार्चला, म्हणजे अमेरिकन पद्धतीनं महिना आधी लिहिला की ३.१४ ला (गणितातल्या π चा इंग्रजी उच्चारही 'पाय'), आमच्याकडे पायची स्पर्धा असते. गेल्या वर्षी मी नुसता खाणाऱ्यांत होतो. या वेळी भाग घ्यायचा, आणि चेस पायच न्यायचा, पण वेगळ्या चवीचा. कोणत्या चवीचा ते दहा आठवड्यांत ठरवायचं.

नियम एकच, पोटापाण्याच्या धंद्यातून आलेला (मी सॉफ्टवेअर टेस्टर): एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि लगेच लिहून ठेवायची.

चेस पाय म्हणजे काय, हे पुण्यातल्या भावाला फोनवर सांगताना माझी तारांबळ उडाली. मैद्याची पारी, तिच्यात साखर, लोणी, अंडी यांचं सारण, चमचाभर मक्याचं पीठ, चमचाभर व्हिनेगर. संपलं. ना फळ, ना सुकामेवा. भाजल्यावर वर साखरेचा पातळ, चरचरीत पापुद्रा येतो आणि आत थलथलीत सारण असतं. भाऊ म्हणाला, "म्हणजे खरवस, पण पारीत." मी चार वाक्यं घालवली, त्यानं चार शब्दांत उरकलं.

नावाच्या कथा तीन. एक: 'चीज'चा अपभ्रंश, कारण इंग्लंडात चीज नसलेल्या अशा सारणालाही चीज म्हणायचे. दोन: 'चेस्ट', म्हणजे पाय ठेवायचं जाळीचं कपाट, साखर इतकी की बाहेर ठेवला तरी टिकतो. तीन: कुणीतरी विचारलं हा कसला पाय, तर बाई दक्षिणी हेल काढून म्हणाल्या, "जेस पाय," म्हणजे नुसताच पाय. काकूंची श्रद्धा तिसरीवर. मला पहिली पटते, पण त्यांच्यासमोर मी ते बोलणार नाही.

त्यांच्या कार्डावरचं प्रमाण, २३ सेंटिमीटरच्या ताटलीला: साखर दीड कप (३०० ग्रॅम), लोण्याची एक कांडी (११३ ग्रॅम) वितळवून, अंडी ४, मक्याचं पीठ २ मोठे चमचे, व्हिनेगर १ मोठा चमचा, दूध पाव कप, व्हॅनिला, चिमूट मीठ. ओव्हन ३५० फॅरनहाइट. वेळ लिहिलेली नाही. तिथे फक्त "होईपर्यंत" आहे. आपल्या आज्यांच्या "अंदाजानं" याची ही मावसबहीण.

शनिवार, ११ जानेवारी. चाचणी १

फजिती.

पारी बरी झाली. करंजीची पारी लाटलेल्या हाताला ही अवघड नाही. फक्त मोहन गरम घालायचं नाही, लोणी थंडगार हवं आणि त्याचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात दिसत राहिले पाहिजेत. आत कागद घालून वर राजमा पसरला आणि आधी नुसतीच भाजून घेतली, नाहीतर सारणाखाली कच्ची राहते. (तो राजमा आता स्वयंपाकाला चालणार नाही, बरणीवर तसं लिहून ठेवलंय.)

सारण ओतून आत ठेवलं. विसाव्या मिनिटाला काचेतून पाहतो तर पाय फुगत चाललेला. तिसाव्याला एका बाजूनं काठ ओलांडून ओघळला, ओव्हनच्या तळाशी साखर जळली आणि घरातला धुराचा भोंगा वाजला. बाहेर काढल्यावर पाय बसला. मधे खड्डा, वर स्पंजासारखी जाळी, चवीला खारट आणि सोड्याची झाक.

कारण रात्री सापडलं, डबा हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली तेव्हा. मी आणलेलं मक्याचं पीठ 'सेल्फ रायझिंग' होतं. दक्षिणेतल्या दुकानांत मक्याचं पीठ दोन तऱ्हेचं मिळतं: साधं, आणि कॉर्नब्रेडसाठी बेकिंग पावडर व मीठ आधीच मिसळलेलं. डबे जवळपास सारखेच दिसतात. व्हिनेगर पडल्यावर त्यानं आपलं काम चोख केलं. दोष माझा.

भारतातल्या वाचणाऱ्यासाठी: 'कॉर्नफ्लोअर' नावाची पांढरीशुभ्र पूड ही नव्हे. ते नुसतं स्टार्च. इथे हवं ते दळलेलं मक्याचं पीठ, बारीक रव्याकडे झुकणारं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. ताटलीत तिळाच्या वड्या घालून काकूंकडे गेलो. त्यांनी एक तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "हे तर बेने!" त्यांच्या आईचं माहेर चार्ल्स्टनचं. तिकडे तिळाला बेने म्हणतात आणि त्याची पातळ, कुरकुरीत बिस्किटं करतात. हा तीळ पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर तिथे पोचला, शब्दही त्यांचाच. तिळगूळ घ्या, गोड बोला, याचं भाषांतर मी करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "गोड बोलायला आम्हाला तीळ लागत नाहीत."

डब्याची गोष्ट ऐकून मात्र पोट धरून हसल्या.

शनिवार, १८ जानेवारी. चाचणी २

साधं पीठ. शिवाय ओव्हनमध्ये टांगायचा थर्मामीटर आणला. आकड्यांच्या पट्टीवर ३५०, आत प्रत्यक्षात ३७५. गेली चार वर्षं आमचा प्रत्येक केक काठाला का करपायचा ते आज कळलं. बायको म्हणाली, "मी सांगत नव्हते?" सांगत होती.

३२५ वर लावून खरे ३५० मिळवले. ४८ मिनिटं.

कधी काढायचा हे एकदा नीट लिहून ठेवतो, कारण कार्डावरचं "होईपर्यंत" इथे दडलंय. चाळिसाव्या मिनिटाला ताटली हलक्या हातानं हलवली तेव्हा सगळंच सारण लाटेसारखं इकडून तिकडे गेलं: कच्चं. पंचेचाळिसाव्याला कडेचा तीन बोटं पट्टा फुगून स्थिर झाला, मधलं मात्र अजून लाटेसारखं. अठ्ठेचाळिसाव्याला मधला भाग थरथरला, पण सगळा एकदम, डब्यातून नुकत्याच काढलेल्या खरवसासारखा. तेव्हा काढला. सुई मधोमध खुपसली तर २०० फॅरनहाइट, म्हणजे ९३ सेल्सिअस. नुसतं दूध आणि अंडं एवढ्या आचेला केव्हाच फाटलं असतं. इथे ढीगभर साखर अंड्याला थोपवून धरते, आणि मक्याच्या पिठातलं स्टार्चही. व्हिनेगर नेमकं उलटं खेचतं: आम्लानं अंडं लवकर बांधलं जातं. शिवाय गोडी मारतं.

मक्याचं पीठ भाजताना वर तरंगत येतं. पापुद्र्यात दाताखाली जी बारीक रवाळ चरचर लागते ती त्याची.

चार तास गार केला. लेकीनं तिसऱ्या तासाला तुकडा कापला आणि सारण ताटलीभर पसरलं. उरलेला चौथ्या तासानंतर सुरेख कापला गेला. चव काकूंच्या पायसारखी, म्हणजे जवळजवळ. याला आधाररेषा धरतो. लेकीचे गुण १० पैकी ८, "पण फारच गोड."

हेच खरं. फारच गोड. चव बदलायची ती याचसाठी.

शनिवार, २५ जानेवारी. चाचणी ३, ४

लिंबाचा चेस पाय. हा काही शोध नाही, दक्षिणेत घरोघरी होतो. व्हिनेगरचा पाय हाच मुळात लिंबू न मिळणाऱ्यांचा. आतल्या गावांत हिवाळ्यात लिंबू कुठलं, व्हिनेगर मात्र घरचं. हातात काही नसताना करायचे म्हणून अशा पायांना 'डेस्परेशन पाय' असंही म्हणतात. मराठीत मी 'नाइलाजाचा पाय' म्हणेन.

चाचणी ३ मध्ये आधाररेषेत वरून दोन लिंबांचा रस आणि किस घातला. व्हिनेगर तसंच, दूध तसंच. सारण रवाळ झालं, तळाशी पाणी सुटलं, पारी भिजली.

चाचणी ४ त्याच संध्याकाळी, हट्टानं. व्हिनेगर काढलं, दूध काढलं, त्या दोघांच्या जागी पाव कप रस. किस साखरेत बोटांनी चोळून घेतला, साखर पिवळसर ओलसर होऊन खोलीभर वास सुटेपर्यंत. सारण गुळगुळीत, पापुद्रा शाबूत.

लाल पेननं लिहून ठेवतो: या पायात चव वरून घालता येत नाही. पंगत भरलेली आहे. नव्या पाहुण्याला बसवायचं तर कुणालातरी उठवावं लागतं: साखरेला, लोण्याला, आंबटाला किंवा पातळाला. प्रत्येक चवीला आधी विचारायचं, तू कुणाच्या पाटावर बसणार?

रविवार, २६ जानेवारी. चाचणी ५

ताक. व्हिनेगर आणि दूध दोघांच्या जागी पाव कप 'बटरमिल्क'. इथलं दुकानातलं बटरमिल्क म्हणजे आपलं ताक नव्हे. दुधाला विरजण लावून केलेलं, दाट, फेटलेल्या दह्यासारखं. पूर्वी मात्र लोणी काढल्यावर उरलेलं तेच बटरमिल्क, म्हणजे आपलं ताकच. आंबटपणा व्हिनेगरपेक्षा मऊ. चांगला झाला. याहून जास्त ताक घातलं की तो बटरमिल्क पाय होतो, दुसरं घराणं. बायकोचा कौल यालाच.

रविवार, २ फेब्रुवारी. चाचणी ६

चॉकलेट. रॉलीतलं अँगस बार्न, १९६० पासूनचं रेस्तराँ, चॉकलेट चेस पायसाठीच ओळखलं जातं, त्यामुळे ऑफिसात तुलना अटळ. कोकोमध्ये स्वतःचं स्टार्च असतं, म्हणून मक्याचं पीठ उठवून तीन चमचे कोको. झाला उत्तम, पण उत्तम ब्राउनीसारखा. चेस पाय कुठे हरवला कळेना. बाद.

करून पाहायच्या चवींच्या यादीत जेफ डेव्हिस पायही होता: साय, मसाले, मनुका, पीकन (अक्रोडासारखा सुकामेवा). जेफरसन डेव्हिस म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरी राखायला निघालेल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष. काकूंना विचारलं. त्या कृष्णवर्णीय आहेत, हे इथे लिहायला हवं. त्या म्हणाल्या, "मसाले घाल, नाव घालू नकोस." यादीतून काट मारली.

शनिवार, ८ फेब्रुवारी. चाचणी ७

साजूक तूप. कल्पना माझी, आणि अभिमानही माझा. आईनं आणलेल्या बरणीतलं तूप, लोण्याऐवजी ग्रॅमला ग्रॅम. भाजून काढल्यावर पायवर तुपाचं तळं. टिश्यूनं टिपलं तरी हटेना. सारण खाली बसकं, दाट, तेलकट.

गणित नंतर केलं. इथल्या लोण्यात कायद्यानं किमान ८० टक्के स्निग्धांश, बाकी बहुतेक पाणी आणि थोडा दुधाचा अंश. म्हणजे ११३ ग्रॅम लोण्यात स्निग्धांश ९१ च्या आसपास. मी तूप ११३ घातलं: चरबी वीस-बावीस ग्रॅमनं जास्त आणि पाणी शून्य. तुपाला लोण्याच्या पाटावर बसवलं, पण पाट लहान होता.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तुपाचं राहू दे. बेरी कुठाय?"

रविवार, ९ फेब्रुवारी. चाचणी ८

बेरी!

लोणी कढवताना तळाशी खरपूस तांबूस चोथा उरतो तो. लहानपणी तूप गाळलं की पातेलं आम्हा भावंडांत फिरायचं, साखर घालून चमच्यानं खरवडत. त्याची चव मला या पायात हवी होती, आणि मी नेमकी ती गाळून टाकलेली बरणी वापरत होतो.

लोण्याची कांडी जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर. आधी तडतड, मग फेस, मग फेसाखाली शांत. वास बदलला तो क्षण: दुधाचा वास जाऊन भाजलेल्या बदामाचा आला. चोथा तांबूस होताच उतरवलं, थांबलो असतो तर काळा झाला असता. काट्यावर ११३ चं ९६ झालेलं. उडालेलं पाणी १७ ग्रॅम, म्हणून तेवढं दूध जास्त घातलं. बेरीसकट सगळं सारणात.

रात्री सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, पाहायला तीन कुटुंबं आली होती. पाय पहिल्याच सत्रात संपला. नागपूरच्या वहिनींनी डोळे बारीक करून विचारलं, "यात पेढा घातला का हो भाऊ?" गोडी तेवढीच आहे, पण तिला आता बूड आलंय. लेकीचे गुण ९.

बुधवार, १९ फेब्रुवारी

बर्फ. ऑफिस घरून. चाचणी नाही, कारण अंडी नाहीत. बर्फाच्या इशाऱ्यानं कालच ब्रेड, दूध, अंडी यांचे कप्पे रिकामे झालेले. त्यात बर्ड फ्लूमुळे अंड्यांचा भाव आकाशाला भिडलाय. जानेवारीचा देशाचा सरासरी भाव डझनाला ४.९५ डॉलर निघाला. माझ्या नेहमीच्या दुकानात माणशी दोनच डबे. एका पायला चार अंडी, आतापर्यंत आठ पाय. बायकोनं हिशेब मांडला नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी. चाचणी ९

सकाळी रॉलीच्या राज्य शेतकरी बाजारात. मधाच्या बाटल्यांशेजारी एक काळसर बरणी: सोरघम. मी ती मळी समजून पुढे जाणार होतो. विकणाऱ्या आजोबांनी काडीवर चाटायला दिली.

जिभेवर पडताच मी थेट मंगळवेढ्यात, मामाच्या रानात. गोड ज्वारीचं धाट दातानं सोलून चघळायचो, ओठ कापायचे, रस हनुवटीवरून गळायचा. सोरघम म्हणजे ज्वारी! इथे तिची गोड जात लावतात, शरदात धाटं गाळतात आणि रस उथळ कढईत आटवतात. साधारण दहा लिटर रसाची एक लिटर काकवी. अजूनही कुठे कुठे जत्रेत खेचर जुंपून चरक फिरवतात. केंटकी आणि टेनेसीत याचं उत्पादन सर्वांत जास्त. ज्वारी मूळची आफ्रिकेची. तिची गोड जात अमेरिकेत पसरली १८५० च्या दशकात, आणि यादवी युद्धात साखर मिळेना तेव्हा दक्षिणेनं तिच्यावरच गोडाचं भागवलं. आपल्याकडेही हे झालंय: फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं 'मधुरा' नावाची गोड ज्वारी काढली आणि तिच्या रसाची काकवीही केली. पण मंगळवेढ्यात ज्वारी म्हणजे भाकरी आणि हुरडा. आईला फोन केला तर ती म्हणाली, "ज्वारीची काकवी? आणि भाकरी कशाची करतात मग, उसाची?"

घरी आल्या आल्या पाय. अर्धी साखर, अर्धी काकवी: १५० आणि १५० ग्रॅम. बाकी बेरीवाला पाठ.

जमला नाही. पापुद्रा आलाच नाही, वर चिकट तकाकी. मधे खचला. कडा काळ्या. चव मात्र! गवताची, किंचित लोखंडाची, शेवटी कडसर. साखरेच्या पाटावर बसलेला हा पाहुणा स्वतःबरोबर पाणी घेऊन आला, थोडा आंबटपणा आणला, आणि त्यातली फळसाखर लवकर करपते. एकाला उठवून चालणार नाही.

संध्याकाळी खचलेला अर्धा पाय काकूंकडे नेला, लाजतच. नवी चव सापडली, असं काहीतरी बोललो. त्यांनी घास घेतला, थांबल्या. "ही माझ्या आजीची चव. तिच्याकडे पांढरी साखर पाहुण्यांसाठी असायची. आम्हाला हा." मग म्हणाल्या, "तिचा खचायचा नाही."

शनिवार, १ मार्च. चाचणी १०

साखर २२५, काकवी ७५. दूध पूर्ण बंद, फक्त कढवताना उडालेल्या पाण्यापुरता एक चमचा. व्हिनेगर अर्ध्यावर. मक्याचं पीठ अर्धा चमचा जास्त. ओव्हन १५ अंश कमी, ५५ मिनिटं.

पापुद्रा आला. पातळ, पण बोटानं टकटक केलं तर वाजणारा. आतला रंग तिळाच्या चिक्कीचा. कापल्यावर कड उभी राहिली. मी काही वेळ त्या कापाकडेच पाहत बसलो होतो, हे बायकोनं नंतर सगळ्यांना सांगितलं.

शनिवार, ८ मार्च. चाचणी ११

वेलदोडा की जायफळ? मी वेलदोड्याच्या बाजूनं. काकू जायफळाच्या, कारण दक्षिणेत या सारणात जायफळच किसतात. दोन छोट्या वाट्यांत दोन्ही केले. वेलदोड्यानं पाय घेऊनच टाकला. काकवी, बेरी, सगळं मागे, पुढे नुसता श्रीखंडाचा वास. जायफळ मागे उभं राहतं. काकू जिंकल्या. "तुला तुझ्या घरचं घालायचंय, ते कळतं मला. पण घातलंयस की आधीच," असं म्हणून त्यांनी बेरीच्या ठिपक्यांवर काटा टेकवला.

ठरलं: ज्वारीची काकवी, कढवलेलं लोणी, जायफळ. आता बदल नाहीत.

उद्या घड्याळ एक तास पुढे.

गुरुवार, १३ मार्च

होळी. घरात पुरण शिजतंय, ओव्हनमध्ये पाय. दोन्हींत एकच जायफळ, एकाच किसणीवर. बायकोला कटासाठी शेगडी हवी, मला लोणी कढवायला. वाटाघाटीत मी हरलो, लोणी रात्री नऊला कढवलं.

मग आईचा फोन. आज रात्री खग्रास चंद्रग्रहण. "इकडे दिसणार नाही, आम्हाला पाळायचं नाही. तुमच्याकडे दिसतंय, तेव्हा तुम्ही पाळा." खग्रास अवस्था पहाटे २:२६ ते ३:३१, म्हणजे पायची गार व्हायची वेळ नेमकी त्यातच. "अरे, तुळशीचं पान तरी ठेव त्यावर."

मी सांगितलं, हे स्पर्धेचं आहे, त्याचा पापुद्रा नाजूक असतो. ती म्हणाली, "पानाचं काय वजन असतं?"

खिडकीतल्या कुंडीतलं एक पान ठेवलं. अडीचला उठून लेकीला अंगणात नेलं. चंद्र तांब्याच्या जुन्या पैशासारखा. काकूही शाल पांघरून त्यांच्या पायऱ्यांवर बसलेल्या होत्या. कुणी काही बोललं नाही, हात तेवढा हलवला.

शुक्रवार, १४ मार्च. स्पर्धा

पान पापुद्र्याला चिकटलं होतं. काढायला गेलो तर पापुद्रा उचलला जाऊ लागला, म्हणून तसंच राहू दिलं.

अकरा पाय. माझा तिसरा. पहिला पीकन पाय, आणि तो खरंच चांगला होता. दुसरा विकतचा असावा असा माझा संशय आहे, पण पुरावा नाही. परीक्षकांच्या चिठ्ठ्या मिळाल्या. एकीवर: "गोड, पण कंटाळा येत नाही." दुसरीवर: "चव ओळखीची वाटते, आठवत नाही." तिसरीवर: "पानाची सजावट धाडसी."

केंटकीचा एक सहकारी, ज्याच्याशी तीन वर्षांत बिलं आणि बग यांपलीकडे बोललो नव्हतो, तुकडा संपवून परत आला. सोरघम कुठल्या बाजारातलं विचारत होता. त्याच्या आजोबांची कढई अजून गोठ्यात आहे म्हणाला. मग आम्ही रस किती आटवायचा यावर अर्धा तास उभ्याउभ्या बोललो, आणि दुपारची मीटिंग दोघांचीही चुकली.

रविवार, १६ मार्च

काकूंसाठी राखलेला तुकडा पुरणपोळीबरोबर देऊन आलो. ताटली त्यांचीच, संक्रांतीनंतर ती कॉर्नब्रेड घेऊन पुन्हा आमच्याकडे आली होती. तुकडा खाऊन म्हणाल्या, "आता खचत नाही." पुरणपोळीचा घास घेऊन मात्र पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, हे सारण डाळीचं आहे हे खरं का? तिला पारीत भरताना फुटत कशी नाही? लिहून देशील का?

कार्डावर प्रमाण लिहायला बसलो. डाळ, गूळ, जायफळ इथपर्यंत ठीक. पुरण कधी झालं ते लिहिताना अडलो. उलथनं पुरणात उभं राहीपर्यंत, असं लिहिलं. उलथन्याला इंग्रजीत नक्की काय म्हणायचं ते बायकोला विचारायचंय.

शिल्लक: काकवी पाव बरणी, अंडी २, राजमा (खायचा नाही).